लिम्फ नोड शोधणार कोण? एनएन-यूनेट की मेडसॅम

सीटी स्कॅनमधले लिम्फ नोड (लसिका ग्रंथी) आखायला, म्हणजे त्यांची कड काढायला, न्यूरल नेटवर्क निवडताना आधी एवढं ठरवा: नोड मशीनने शोधायचा, की डॉक्टरने दाखवायचा? माझ्या मते बाकीची तुलना त्यानंतरची.

एनएन-यूनेट (२०२१) हे नेटवर्क त्रिमितीत शिकवता येतं आणि शिकल्यावर नोड स्वतः शोधतं. मेडसॅम या दुसऱ्या नेटवर्कला (२०२४) नोडभोवती चौकट काढून द्यावी लागते, मग आतली कड ते आखतं. पण मेडसॅम एकेक स्लाइस (स्कॅनचा एक आडवा काप) सुटी पाहतं, आणि छातीत तिथेच घोळ होतो. श्वासनलिकेजवळ आडवी कापलेली रक्तवाहिनी, अन्ननलिका आणि नोड, तिन्ही करड्या गोल ठिपक्यांसारखे दिसतात. पुढच्या स्लाइस पाहत गेलं की नोड संपतो, वाहिनी चालू राहते. ही ओळख एनएन-यूनेटला शिकवता येते. मेडसॅमच्या बाबतीत ती चौकट काढणाऱ्याच्या डोळ्यावरच अवलंबून.

मग सरळ एनएन-यूनेटच घ्यावं का? तुमचा डेटा कसा आहे ते आधी बघा. रेसिस्ट १.१ नुसार, म्हणजे कॅन्सरच्या गाठी मोजायच्या ठरलेल्या नियमांनुसार, उपचाराचा परिणाम पाहताना लक्ष्य म्हणून जास्तीत जास्त दोनच नोड मोजतात, म्हणून जुन्या स्कॅनवर बहुतेकदा तेवढ्याच खुणा सापडतात. तसाच डेटा शिकायला दिला, तर खूण नसलेला प्रत्येक नोड ‘नोड नाही’ असं नेटवर्क शिकतं. छातीतले लिम्फ नोड आखण्याची २०२३ ची एलएनक्यू स्पर्धा याच अडचणीवर बेतलेली होती. एनएन-यूनेटच्या दुसऱ्या आवृत्तीत न आखलेला भाग शिकण्यातून वगळता येतो. ती सोय जरूर वापरा. उरलेले नोड आखून घ्यायला मेडसॅम चांगला मदतनीस आहे, फक्त प्रत्येक कड रेडिओलॉजिस्टने तपासलीच पाहिजे.

डाइस गुणांवर (मशीनची आखणी खऱ्या आखणीशी किती जुळते याचं माप, पूर्ण जुळली तर १) मात्र निवड करू नका. ८ मिमीचा गोल नोड सगळीकडून १ मिमी आत आखला, तर डाइस ०.५९ वर येतो. ३० मिमीच्या नोडला तीच चूक झाली तर ०.९० राहतो. त्याऐवजी किती नोड सुटले आणि आखूड व्यास (नोडची लहान बाजूची रुंदी) किती मिलिमीटरने चुकला, हे विचारा. रेसिस्टमध्ये नोड लक्ष्य म्हणून घ्यायची १५ मिमीची रेषा त्याच व्यासावर आहे, आणि सुटलेल्या नोडची किंमत शेवटी पेशंट मोजतो.

ठरलेल्या दोन नोडांचाच पाठपुरावा असेल, तर मेडसॅम पुरे. सगळे नोड हवे असतील तर एनएन-यूनेट, तेही स्लाइस पातळ असतील तरच खऱ्या अर्थाने. ५ मिमी जाडीच्या स्कॅनमध्ये ८ मिमीचा नोड एक-दोन स्लाइसमध्येच दिसतो.