टाकीच्या झाकणातलं भोक आणि गेलेला जिकोव

वडिलांची येझदी मोटारसायकल १९७९ ची. साखर कारखान्यात नोकरीला असताना त्यांनी ती घेतली आणि शेवटपर्यंत स्वतःच्या हातानं सांभाळली. २०१९ मध्ये ते गेले आणि गाडी पडवीत ताडपत्रीखाली उभी राहिली. २०२३ च्या दिवाळीआधी मी ती बाहेर काढली. टाकी आतून धुऊन रंगवून घेतली, हँडल आणि टाकीचं झाकण क्रोमला दिलं, टायर बदलले. पहिल्यांदा किक मारली तेव्हा आई आवाज ऐकून स्वयंपाकघरातून बाहेर आली होती. पुढे जे झालं ते सांगताना मला अजून त्रास होतो, पण जुनी गाडी घरात असणाऱ्या प्रत्येकाला हे कळायला हवं.

गाडीला एकच दुखणं होतं. थंड असताना दुसऱ्या किकला सुरू व्हायची, गावात व्यवस्थित चालायची. कोल्हापुरातून पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलो की शिवाजी पूल ओलांडून केर्लीच्या आसपास ओढ कमी व्हायची. एक्सलेटर पिळला तरी आवाज पोकळ यायचा, दोनचार झटके बसायचे आणि गाडी बंद. रस्त्याकडेला पाच-सात मिनिटं उभं राहिलं की काही न करता पुन्हा सुरू. आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. टाकी फुल्ल केली की हे लवकर व्हायचं, अर्धी असली की बऱ्याच उशिरा.

एका ओळखीच्यानं गॅरेज सुचवलं. जुन्या गाड्यांची कामं करणारा, दुकानात चार-पाच जावा-येझदी उभ्या, भिंतीवर म्हैसूरच्या कारखान्याचा जुना फोटो. मी सगळी लक्षणं सांगितली, फुल्ल टाकीचीसुद्धा. त्यानं झाकण उघडलं, उलटं करून पाहिलं, परत लावलं. मग पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनात सोडणाऱ्या जिकोव कंपनीच्या कार्बोरेटरवरचं कव्हर काढलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, ‘‘दादा, जिकोव संपला. बॉडी झिजलीय, स्लाइड हलतीय. त्यात आता पेट्रोल ई२०. जुन्या कार्बोरेटरला इथेनॉल सोसत नाही, आतून खाऊन टाकतं.’’

या वाक्यानं मी फसलो, कारण त्यात निम्मं खरं आहे. फेब्रुवारी २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आपल्याकडे पंपांवर यायला लागलं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, गाडी बरेच दिवस उभी राहिली तर ते पाणी टाकीच्या आणि कार्बोरेटरमधल्या फ्लोटच्या वाटीच्या तळाशी जमतं. जुने रबरी पाइप आणि वॉशर फुगतात, कडक होतात, भेगाळतात. हे सगळं मी वाचलेलं होतं, त्यामुळे मान डोलावली. पण इथेनॉलनं त्रास दिलेली गाडी पाच मिनिटं विश्रांती घेऊन ठणठणीत होत नाही, एवढा साधा विचार त्या क्षणी सुचला नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे सुट्या भागांची टंचाई. येझदी बनवणाऱ्या आयडियल जावा कंपनीचा म्हैसूरचा कारखाना १९६१ मध्ये सुरू झाला आणि १९९६ मध्ये बंद पडला. तेव्हापासून आपण सगळे उरलेल्या जुन्या मालावर, एकमेकांच्या मोडलेल्या गाड्यांवर आणि छोट्या कारखानदारांच्या नकलांवर गाड्या चालवतोय. अस्सल कुठला आणि नक्कल कुठली हे ओळखणारी माणसं थोडी, आणि ज्याला ते ओळखता येतं त्याच्या हातात आपण गाडी देऊन घरी येतो. त्यानं मला ‘म्हैसूरचा न वापरलेला जुना माल’ म्हणून एक कार्बोरेटर दाखवला. ८,५०० रुपये. टाकीची सफाई १,२००, मजुरी ७००. बिल मागितलं तर म्हणाला, ‘‘जुन्या मालाला कसलं बिल, दादा?’’ चार दिवसांनी गाडी घ्यायला गेलो आणि जुना कार्बोरेटर मागितला. भंगारवाल्याला गेला, असं उत्तर मिळालं.

गाडी बंद पडायची थांबली. पन्हाळ्यापर्यंत जाऊन आलो, एकदाही थांबली नाही. मी तीन जणांना त्या गॅरेजचं नाव सुचवलं. त्या तिघांची मी नंतर माफी मागितली.

साधारण तीन आठवड्यांनी मुलाला मागे बसवून वाघबीळचा चढ चढत होतो. गाडी नेहमीपेक्षा जास्त तापलीय असं पायाला जाणवत होतं. वळणाच्या अलीकडे अचानक आवाज घुसमटला आणि मागचं चाक जागच्या जागी अडकलं. क्लच वेळेत दाबला गेला म्हणून गाडी सरळ राहिली. मागून येणारी एसटी बरीच लांब होती. पिस्टन जॅम झाला होता. मुलगा बारा वर्षांचा आहे. त्या दिवशीची त्याची पकड माझ्या कमरेला अजून आठवते.

त्या गॅरेजला पुन्हा जायचं मन होईना. मिरजेत एक वयस्क मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. गाडी टेम्पोत घालून तिकडे नेली. चाचांनी इंजिनाला हात लावायच्या आधी प्लग काढून माझ्या तळहातावर ठेवला. टोक खडूसारखं पांढरं. ‘‘ह्ये असं बिस्किटाच्या रंगाचं पायजे,’’ स्वतःच्या टेबलावरचा दुसरा प्लग दाखवत ते म्हणाले. पांढरा प्लग म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. जुन्या येझदीत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, मी लिटरला चाळीस मिली घालतो. म्हणजे पेट्रोल कमी पोचलं की ऑइलही कमी पोचलं, आणि चढावर नेमकी तेव्हाच दोन्हीची गरज जास्त. ‘न वापरलेला म्हैसूरचा माल’ साधी नक्कल निघाली. त्याचं मेन जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोकाचं नळकांडं, गाडीला पुरेसं नव्हतं आणि इंजिनाकडच्या जोडातून बाहेरची हवा आत ओढली जात होती.

मग मी त्यांना गाडी आधी का बंद पडायची ते सांगितलं. चाचांनी ऐकलं आणि सरळ टाकीचं झाकण हातात घेतलं. आतला वॉशर नखानं उचलला. त्याखाली हवेचं बारीक भोक असतं. त्या भोकाची कड ताजी, चकचकीत होती आणि वॉशरच्या खाचेत केसाएवढी धातूची एक कुरळी कीस अडकलेली होती. ती त्यांनी टाचणीनं काढून कागदावर ठेवली. ‘‘क्रोम करताना पॉलिशचा मसाला भोकात बसतो. ते बुजलं हुतं. आन् कुणीतरी हितं ड्रिल मारलाय की!’’

मला खात्री पटावी म्हणून त्यांनी आणखी एक केलं. कार्बोरेटरकडचा पाइप काढून पाण्याच्या रिकाम्या बाटलीत सोडला आणि टाकीखालचा पेट्रोलचा कॉक उघडला. करंगळीएवढी धार. मग झाकणावरचं भोक अंगठ्यानं घट्ट दाबून धरलं. धार बारीक होत गेली, मग थेंब, मग थेंबही थांबले. अंगठा उचलला तशी आत हवा गेल्याचा बारीक ‘सुस्स’ आवाज झाला आणि धार पुन्हा लागली.

टाकीतून जेवढं पेट्रोल खाली जातं तेवढी हवा वरून आत यावी लागते. भोक बुजलं की आत ओढ तयार होते आणि पेट्रोल जागेवर अडतं. टाकी फुल्ल असली तर वर हवेला जागाच थोडी, म्हणून ही ओढ लवकर तयार होते. गाडी उभी केली की वॉशरच्या कडेनं हळूहळू हवा शिरते आणि गाडी पुन्हा सुरू होते. माझ्या गाडीला एवढंच झालं होतं. त्या माणसानं पहिल्याच मिनिटाला झाकण उलटं करून ते पाहिलं होतं. दुरुस्ती एका मिनिटाची, आणि ती त्यानं गुपचूप केलीसुद्धा. पैसे मात्र नको असलेल्या कामाचे घेतले, वडिलांचा चांगला कार्बोरेटर काढून घेतला आणि त्याजागी जो बसवला त्यानं इंजिन जाळलं. बोअर, पिस्टन, रिंग, मजुरी मिळून ९,२०० रुपये आणखी गेले. पैशाचं दुःख आहेच, पण माझ्या मुलाला मागे बसवून मी त्या कार्बोरेटरवर घाट चढलो, याचा राग जास्त आहे.

दोन महिन्यांनी एका मित्रानं व्हॉट्सॅपवर आलेला फोटो पुढे पाठवला. ‘अस्सल जिकोव, ११,००० रुपये’. फोटोत बॉडीवर पंचानं मारलेले तीन ठिपके स्पष्ट दिसत होते. वडिलांना सवय होती, स्वतः उघडलेल्या प्रत्येक भागावर ते तीन ठिपके मारायचे. मी गॅरेजला गेलो. तो म्हणाला, असे ठिपके कितीतरी मिस्त्री मारतात, तुमचाच कशावरून? माझ्याकडे ना बिल होतं, ना आधीचा फोटो. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर फोन केला. ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, पण पैसे दिल्याचा काहीतरी पुरावा लागतो. मी सगळे पैसे रोख दिले होते.

म्हणून सांगतो. गाडी गॅरेजला द्यायच्या आधी कार्बोरेटर, मॅग्नेटो, इंजिन नंबर यांचे जवळून फोटो काढा, गाडीचा नंबर दिसेल असे. काढलेला जुना भाग त्याच दिवशी, समोर मागून घ्या. पैसे यूपीआयनं द्या आणि कशाचे ते त्याला मेसेजमध्ये लिहून पाठवा. आणि कार्बोरेटर गेला असं कुणी म्हणालं तर आधी टाकीपासून खाली या. चालताना गाडी बंद पडली की लगेच झाकण सैल करून बघा, आवाज येतो का, गाडी सुरू होते का. नाही झाली तर बाटलीत धार बघा. धार झाकण उघडं असतानाही बारीक असेल तर कॉकची जाळी गंजानं भरलेली असते किंवा पाइप कुठेतरी दुमडलेला असतो. पाइप कडक झाला असेल तर इथेनॉल चालणाराच मागून घ्या. धार चांगली असेल तरच फ्लोट आणि जेटकडे वळा. जेटच्या भोकात तार घालू देऊ नका, हवेनं फुंकून साफ होतं. तारेनं भोक मोठं झालं की ते जेट कामातून गेलं. प्लग दर महिन्याला काढून बघा. पांढरा दिसला तर त्या दिवशी घाट चढू नका.

गाडी आता चालते. चाचांनी नकलेचं जेट बदलून, जोड नीट बसवून दिलाय, प्लग बिस्किटाच्या रंगाचा येतोय. पण तो जिकोव मी अजून शोधतोय. बॉडीवर एका ओळीत तीन ठिपके, मधला जरा खोल, आणि वरच्या दोन स्क्रूंपैकी एक पितळी. कुणाच्या गाडीवर असा दिसला तर मला कळवा. तुम्ही त्यासाठी जे पैसे मोजले असतील ते मी देईन.