नॉनस्टिक तवा खान्देशी चुलीवर किती टिकतो?

धिरड्यांसाठी ४ मिलिमीटर जाडीचा, तीन थरांच्या कोटिंगचा तवा उत्तम. पातळ, स्वस्त तव्याचा तळ तापून मधोमध वर उचलला जातो. तेल कडेला पळतं आणि मधलं कोटिंग कोरडंच जळतं. दुकानातच तळाला सरळ पट्टी लावून तो सपाट आहे का बघा.

कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरीला मात्र हा तवा नकोच. तिला कडक आच लागते, आणि टेफ्लॉनचं कोटिंग २६० अंश सेल्सिअसच्या पुढे खराब होऊ लागतं. काळ्या मसाल्याचं खोबरं, मिरच्या भाजायलाही लोखंडीच बरा. भरताला फोडणी द्यायला नॉनस्टिक कढई चालते, पण घोटायचं ते बडजीतच, म्हणजे भरीत ठेचायच्या लाकडी भांड्यात. कढईत रगडलंत की कोटिंग गेलंच समजा.

तवा चिकटायला लागला की लोक कोटिंगला दोष देतात. बरेचदा तो जळक्या तेलाचा पिवळट थर असतो. तव्यात पाणी आणि दोन चमचे खायचा सोडा घालून दहा मिनिटं उकळा, कोमट झाल्यावर मऊ स्पंजने पुसा. तारेची घासणी, राख नाही. गरम तवा नळाखाली धरला तर तळ वाकतो. पापुद्रे सुटू लागले की तवा भंगारात.