टेन्बीला मोटरहोम की स्टॅटिक?

वेल्समधल्या पेम्ब्रोकशरच्या किनाऱ्यावर चार-पाच दिवस काढायचे तर मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, न्यावी की साइटवर कायम उभी असलेली स्टॅटिक कॅरव्हॅन भाड्याने घ्यावी? बर्मिंगहॅमहून आम्ही दोन्ही करून पाहिलंय, दोन उन्हाळ्यांत, दोन्ही वेळा तिथल्या टेन्बी गावाजवळ आणि दोन्ही वेळा आईला घेऊन.

मोटरहोमवर आधी माझा जीव होता. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. एक किनारा कंटाळवाणा वाटला की दुसरा गाठायचा. स्टॅटिकला ही मुभा नाही. बहुतेक ठिकाणी शुक्रवार ते सोमवार किंवा सोमवार ते शुक्रवार अशीच मिळते, शाळांच्या सुट्टीत भाडं चढतं, आणि चादरी-टॉवेल भाड्यात धरलेत का ते आधी विचारावं लागतं. फोडणी दिली की धुराचा अलार्म दोन्हीकडे बोंबलतो, तेव्हा तो मुद्दा बाद.

माझं मन फिरलं ते एका सकाळी. स्कोमर बेटावर पफिन बघायला जायचं होतं. हे पक्षी एप्रिलच्या सुमारास येतात आणि जुलै सरता सरता समुद्रावर निघून जातात. बोटीची तिकिटं आगाऊ काढलेली. पण मोटरहोममध्ये राहायचं म्हणजे फिरायलाही घर घेऊनच निघायचं. विजेची केबल गुंडाळा, बाहेरचं छत मिटवा, चाकांखालच्या पाचरी काढा, कपाटांना कड्या लावा. कढईत अर्धे पोहे, आईचा चहा अजून कपात. एका खणाची कडी राहिली, आणि पहिल्याच वळणावर मेतकुटाचा डबा खाली आला. मार्लोसच्या पुढे रस्ता असा, की दोन्ही बाजूंच्या झुडपी बांधांमधून जेमतेम एक गाडी जाते. समोरून ट्रॅक्टर आला. मी घर रिव्हर्समध्ये घातलं. मार्टिन्स हेवनला पोचलो तेव्हा बोट सुटली होती, आणि मेतकुटात माखलेली आई म्हणाली, “अरे, घर घरी ठेवून येतात.”

पुढच्या वर्षी स्टॅटिक घेतली. पोहे झाकले, किल्ली खिशात टाकली, साध्या गाडीने निघालो. वाटेतल्या क्लेडाऊ पुलाचा टोल २०१९ पासून बंद आहे, तिथेही थांबणं नाही. पफिन दिसले, अगदी पायाशी. बॅराफंडलच्या किनाऱ्यावर जाताना ‘स्टॅकपोल की’ (Quay) नावाच्या धक्क्याजवळ गाडी लावून पुढे चालावं लागतं. आईने तेही निवांत केलं, कारण परतल्यावर खरी न्हाणी होती आणि पाय पसरायला सोफा. बॉशर्स्टनच्या तळ्यांतली कमळं पाहायची तर जून धरा. टेन्बीच्या तटबंदीच्या आत मात्र ऐन उन्हाळ्यात दुपारी वाहनांना बंदी असते, त्यामुळे साइट चालत जाण्याजोगी असली तर उत्तम. ओहोटीला तिथून सेंट कॅथरिन बेटापर्यंत वाळूवरूनच जाता येतं.

दोघंच असाल आणि रोज नवं गाव हवं असेल, तर कदाचित मोटरहोमच बरी. ओढून न्यायच्या कॅरव्हॅनने गाडी मोकळी राहते हे खरं, पण त्या बांधांमधून ते शेपूट मागे घ्यायची कल्पना मला झेपत नाही.

यंदाच्या जूनसाठी पुन्हा स्टॅटिकच ठरवली आहे. या वेळी खिडकी समुद्राकडे आहे ना, तेवढं आधी विचारून घेतलं.