रेटिंग खरं होतं, पण दुसऱ्याच कंपनीचं

मी डोळे झाकून सही केली असती तर एवढं लागलं नसतं. सल्लागाराला स्पष्ट विचारलं होतं, "माझ्या विमा पॉलिसीची मुदत संपेल तेव्हा ही कंपनी पैसे द्यायच्या स्थितीत असेल का?" त्याने माहितीपत्रक पुढे केलं. वर ठळक अक्षरांत उत्तम रेटिंग, म्हणजे आर्थिक ताकदीचा दर्जा, खाली दावे मंजुरीचं भरघोस प्रमाण. मी गप्प झालो.

दोन्ही आकडे खरे होते. फक्त रेटिंग समूहातल्या मूळ कंपनीचं होतं आणि पॉलिसी तिच्या उपकंपनीची. लेखी हमी नसेल तर उपकंपनीची देणी सहसा मूळ कंपनीच्या गळ्यात पडत नाहीत. दाव्यांचं प्रमाण तर इतकंच सांगतं, की त्या वर्षी आलेल्या दाव्यांपैकी किती दिले. पुढच्या देण्यांसाठी तिजोरीत काय आहे, ते त्यातून कळत नाही.

ते कळतं सॉल्व्हन्सी रेशोमधून, म्हणजे नियमाने लागणाऱ्या भांडवलाच्या तुलनेत हाताशी किती आहे यावरून. तोही एका वर्षाचा पाहून भागत नाही. मी नंतर जुने अहवाल ओळीने लावले, तर रेशो दरवर्षी उतरत किमान मर्यादेला टेकलेला. दुसऱ्या वर्षीच हप्ते सोडून देणारे वाढत होते. गुंतवणुकीत जास्त व्याजाचे, कच्च्या पतीचे रोखे भरलेले. कॅलिफोर्नियातली एक्झिक्युटिव्ह लाइफ 1991 मध्ये सरकारी ताब्यात गेली ती अशाच जंक बाँडपायी. जपानची निस्सान म्युच्युअल 1997 मध्ये बुडाली, कारण कबूल केलेला परतावा गुंतवणुकीतून निघेना. आणि "कंपनी किती जुनी आहे बघा" असं कोणी म्हणालं की मला 1762 मध्ये स्थापन झालेली ब्रिटनची इक्विटेबल लाइफ आठवते. जुन्या ग्राहकांना दिलेली हमी अंगाशी आली आणि 2000 मध्ये तिने नवे ग्राहक घेणं बंद केलं.

आमच्या कंपनीने सलग दोन वर्षं बोनस, म्हणजे नफ्यातला वाटा, दिला नाही. सल्लागार म्हणाला, "पॉलिसी घेताना दाखवलेल्या तक्त्यातला बोनस अंदाजे होता, खाली लिहिलंय की." लिहिलं होतं, मुंगीएवढ्या अक्षरांत. घाबरून मी पॉलिसी सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधीच मोडली. भरलेल्या हप्त्यांपेक्षाही कमी पैसे हाती आले. काही महिन्यांनी नियामकाने सगळ्या पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे सोपवल्या. जे थांबले, त्यांची हमीची रक्कम शाबूत राहिली. ही चूक मात्र माझी, सल्लागाराची नाही.

तो आता त्या दुसऱ्या कंपनीच्या पॉलिसी विकतो. परवा त्याने माहितीपत्रक पाठवलं. रेटिंग कोणाचं आणि पॉलिसी नेमकी कोणाच्या नावाने निघणार, एवढंच मी विचारलं. अजून उत्तर आलेलं नाही.