देठ, गाजर की दुधी? भाजीची वाद्यं करायला बसण्यापूर्वी

चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली की आमच्याकडे गोव्यात वाचनालयात नाहीतर देवळाच्या अग्रशाळेत मुलांसाठी काहीतरी घ्यायचं ठरतं. भाजीची वाद्यं हा त्यातला माझा सगळ्यात लाडका विषय. व्हिएन्नात १९९८ पासून निव्वळ भाज्यांवर वाजवणारा वाद्यवृंद आहे, कार्यक्रम संपल्यावर श्रोत्यांना भाज्यांचं सूपही मिळतं. तेव्हा भाजी वाजते का, हा प्रश्न उरलेला नाही. एका रविवारच्या सकाळी पंचवीस-तीस मुलं समोर असताना कुठली भाजी हाती घ्यायची, हे मात्र ठरवावं लागतं. मी तीन प्रकार करून पाहिलेत.

सोपी म्हणाल तर भोपळ्याच्या पानाच्या देठाची पिपाणी. पावसात परसातला वेल फोफावलेला असतो, खर्च शून्य. देठ आतून पोकळ असतो. पान काढताना त्या बाजूचं टोक बंद राहील असं बघा, टोकाच्या थोडं खाली दोनेक सेंटिमीटरची उभी चीर द्या आणि चिरेचा भाग तोंडात धरून फुंका. देठावरची लव ओठांना टोचते, म्हणून आधी ओल्या फडक्याने चांगलं पुसून घ्या. लहानपणी माडाच्या पात्याची पिपाणी वाजवलेले एखादे आजोबा शिकवायला बसवलेत तर फारच उत्तम. पपईचा देठही पोकळ असतो, पण त्याच्या चिकाने ओठांची आग होते, तो मुलांना देऊ नका. पिपाणी पाच मिनिटांत वाजते, पण सूर आपल्या हातात राहत नाही. देठ आखूड केला की आवाज चढतो, एवढीच काय ती सोय. थोड्या वेळात देठ मलूल होतो तो वेगळाच.

गाजराचं तसं नाही. गाजरावर खरंखुरं गाणं वाजतं. ऑस्ट्रेलियाचे लिंझी पोलॅक गाजराला सॅक्सोफोनचं माउथपीस लावून क्लॅरिनेट वाजवतात. ते ऐकलं की आपणही बोटांच्या भोकांचा पावा करावा असं वाटतं. पहिल्याच कार्यशाळेत तो घाट घालू नये, असं माझं ठाम मत आहे. लांब नळीला ड्रिलचं साधं बिट पुरत नाही, दोन्हीकडून भोक पाडलं तर मध्ये जुळत नाही, आणि फुंकर नीट बसेपर्यंत मुलं कंटाळतात.

त्यापेक्षा एका मुलाला एक गाजर आणि एकच सूर द्या. जाडजूड, सरळ गाजराला डोक्याकडून १० मिलिमीटरचं भोक पाडा, टोक बंदच ठेवा. बाटलीच्या तोंडावर फुंकतो तसं काठावरून फुंकलं की सूर निघतो. नळी जितकी आखूड तितका सूर वर. सा साठी १० सेंटिमीटर खोली धरली तर रे ८.९, ग ८, प ६.७ आणि ध ६, झाला भूप! भोक आधी दोन-तीन मिलिमीटर कमीच पाडा, मग मोबाइलवरच्या ट्यूनरवर बघत बघत खोल करा. जास्त खोल गेलं तर वरून पातळ चकती कापली की सूर पुन्हा चढतो. ड्रिल मोठ्या माणसानेच धरायचं. नव्या बिटला तेल असतं, ते आधी साबण लावून गरम पाण्याने धुवा, म्हणजे निघालेला कीस थेट कोशिंबिरीत जातो.

गेल्या वेळी ‘ध’ एका लाजऱ्या मुलीकडे आला होता. गाजर ओठांशी धरून, डोळे माझ्या बोटावर लावून ती आपल्या पाळीची वाट बघत होती. बोट वळलं, तिचा सूर बरोबर लागला, आणि शेजारच्या ‘प’ने तिच्याकडे वळून बघितलं. एकेकट्या पिपाणीत हे होत नाही, इथे दुसऱ्याचं ऐकावंच लागतं.

तिसरी दुधी. घुमट, म्हणजे एका तोंडावर कातडं चढवलेलं मातीचं वाद्य, आपल्याला परकं नाही, २०१९ मध्ये गोवा सरकारने त्याला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं. पूर्वी त्यावर घोरपडीचं कातडं चढवत. वन्यजीव कायद्याने ते बंद झालं, आता बकऱ्याचं चढवतात. जाड दुधीची दोन्ही टोकं कापून आतला गर काढा, एका तोंडावर फुगा ताणून बांधा आणि दुसरं तोंड तळव्याने उघड-मीट करा. घुमटासारखाच आवाज बदलतो, फक्त गंभीर नाद येत नाही. गर काढायला वेळ लागतो, चमचे भरपूर ठेवा. चार दुधी पुरतात, गर संध्याकाळी खतखत्यात (मिश्र भाजीत) जातो.

मुलं सात वर्षांच्या आतली असतील किंवा हाताशी तासच असेल तर देठ घ्या, मन लावून घ्या. आठ-दहा वर्षांपुढची मुलं आणि तीन तास मिळत असतील तर गाजरच, साथीला दोन-तीन दुधी. ड्रिल धरणारं माणूस मात्र आधी पक्कं करा. ते नसेल तर गाजराचा विचार सोडून दुधीवर भर द्या.

आणि गाजरं शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून आणलीत तर तशीच पिशवीत ठेवू नका. मी एकदा ठेवली होती. रविवारपर्यंत ती इतकी लवचिक झाली की बिट कापायच्या ऐवजी फाडतच गेलं आणि निम्मी वाया गेली. शनिवारी रात्री बादलीभर गार पाण्यात बुडवून ठेवा. सकाळी मोडून बघा, कट्‌कन तुटलं पाहिजे.