आमचाच नववा नंबर, तरी अडीच तारे

सांगलीहून मेलबर्नच्या टार्नीटला आले तेव्हा फूटी, म्हणजे इथला ऑस्ट्रेलियन फुटबॉल, ही लांबट चेंडूमागची मारामारी, एवढंच ठाऊक होतं. आता चौघांची वेस्टर्न बुलडॉग्ज या क्लबची मेंबरशिप आहे आणि फ्रिजवर लॅडरचं, म्हणजे गुणतक्त्याचं, मॅग्नेट. त्यातल्या संघांच्या पट्ट्या धाकटी दर सोमवारी शाळेत जायच्या आधी वरखाली करते. तेव्हा एएफएल या फूटीच्या लीगमधल्या फायनल्स, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेरीच्या, पद्धतीचा हा रिव्ह्यू दहा वर्षं जुन्या गिऱ्हाइकाचा समजा, तज्ज्ञाचा नाही.

आधी जुना माल. 2000 पासून चाललेली आठ संघांची पद्धत. पहिला चौथ्याशी, दुसरा तिसऱ्याशी. यातला हरला तरी त्याला आणखी एक संधी. पाचवा आठव्याशी, सहावा सातव्याशी. यातला हरला तो घरी. आयपीएलवाल्यांना हे ओळखीचं वाटेल, कारण 2011 पासूनचा तिथला क्वालिफायर-एलिमिनेटरचा प्रकार मूळ इथलाच. व्हिक्टोरियाच्या लीगने तो 1931 मध्ये चार संघांसाठी आणला होता. वानखेडेवर बसून आपण मेलबर्नचं गणित मांडत होतो, हे मला इथे येऊन कळलं.

माल टिकाऊ होता. 2025 चंच बघा. ॲडलेड पहिले आले, दोन्ही मॅच हरले, संपले. ब्रिस्बेन तिसरे. जीलाँगकडून पहिल्याच फायनलमध्ये हरले, दुसऱ्या संधीवर तगले आणि ग्रँड फायनलला त्याच जीलाँगला 47 पॉइंटांनी लोळवलं. पहिल्या चारात येण्याला किंमत आहे, पण नुसतं तेवढ्यावर कप मिळत नाही. मला हेच आवडायचं.

आता 2026 पासूनचं नवं मॉडेल. आत दहा संघ. सातवा दहाव्याशी, आठवा नवव्याशी. जिंकणारे दोघे मग नेहमीच्या आठात. नाव वाइल्डकार्ड. एकूण संघ 18, म्हणजे निम्म्याहून जास्त वर्ग पास!

शेजारचे आजोबा रिचमंडचे. रिचमंड आणि नववा नंबर हा इथला जुना विनोद, त्यामुळे ते तरी खूश असतील असं वाटलं होतं. छे. 2013 मध्ये रिचमंड पाचवे आले होते. एसेंडनला शिक्षा म्हणून फायनल्सबाहेर काढलं, त्यामुळे नववं आलेलं कार्लटन आठव्या जागेवर सरकलं आणि त्यांनीच रिचमंडला हरवून घरी पाठवलं. आजोबा बार्बेक्यूवर सॉसेज उलटता उलटता हे सांगतात आणि दर वेळी एखादं सॉसेज करपतं.

खरं तर नवव्याची बाजू मी घ्यायला हवी, कारण 2025 चे नववे आम्हीच. 23 पैकी 14 मॅच जिंकून बाहेर! शेवटच्या रविवारी डॉकलंड्सला फ्रीमँटलकडून हरलो, तेव्हा धाकटीने आमची पट्टी काढून सरळ ड्रॉवरमध्ये टाकली. नवा नियम असता तर आम्ही आत होतो. पण मग 12 जिंकून 11 हरलेलं दहावं सिडनीही आत होतं.

आणि 2016 कसं विसरू? तेव्हा आम्ही सातवे होतो. पर्थला जाऊन वेस्ट कोस्टला हरवलं, मेलबर्नच्या एमसीजी मैदानावर हॉथॉर्नला, सिडनीत जीडब्ल्यूएसला फक्त 6 पॉइंटांनी आणि मग ग्रँड फायनलला सिडनीला. 1954 नंतरची पहिली प्रीमियरशिप, म्हणजे कप. फायनल्सच्या आधी एक वीकेंड मोकळा, म्हणजे बाय, ठेवायला त्याच वर्षी सुरुवात झाली होती आणि आमचे काही जखमी गडी त्या सुट्टीत उभे राहिले. वाइल्डकार्ड बसवलंय ते नेमकं त्याच वीकेंडला. पहिले सहा पाय पसरून बसणार आणि सातवा दहाव्याशी झुंजणार. म्हणजे नवव्या-दहाव्याला दिलेला खाऊ सातव्या-आठव्याच्या डब्यातून काढलाय. 2025 ला आम्ही घेणारे असतो, 2016 ला देणारे. कप कोणत्या वर्षी आला ते वर लिहिलंच आहे.

एक गुण द्यावा लागेल. ऑगस्टमध्ये बाराव्या नंबरच्या संघाच्या पोरांनाही मॅच बघायला कारण उरेल. बाकी दुरुस्ती करायचीच होती तर ग्रँड फायनलकडे बघायचं. ती 2059 पर्यंत एमसीजीलाच बांधलेली आहे. आम्ही ट्रेनने जातो, ब्रिस्बेनवाल्यांनी पहिला नंबर काढला तरी विमानाचं तिकीट काढायचं. त्यावर इथे बार्बेक्यूला कोणी बोलत नाही, मीसुद्धा नाही.

जुन्याला साडेचार तारे, नव्याला सध्या अडीच. आमच्या मॅग्नेटवर आठव्याच्या खाली लाल रेघ छापलेली आहे. धाकटीने दहाव्याच्या खाली स्केचपेनने दुसरी काढली, ती दोनदा पुसली गेली.