व्हर्जिनिया घ्यावं की मॅसॅच्युसेट्स?

आमदारांनी गव्हर्नर निवडण्याची जुनी अमेरिकी पद्धत अभ्यासायला घेतली की निवड बहुधा या दोन राज्यांवर येऊन ठेपते. प्रबंधिकेचा विषय ठरवताना मीही बराच घोळलो होतो.

व्हर्जिनिया पटकन भावतं. नियम सुटसुटीत: दोन्ही सभागृहांनी मिळून दरवर्षी गव्हर्नर निवडायचा, लागोपाठ तीन वर्षं झाली की त्याने बाजूला व्हायचं. २९ जून १७७६ ला राज्यघटना मंजूर झाली आणि त्याच दिवशी पॅट्रिक हेन्री ६० विरुद्ध ४५ मतांनी निवडून आले. राजाने धाडलेल्या गव्हर्नरांचा जाच ताजा होता, म्हणून नव्या गव्हर्नरला कायदे अडवण्याचा नकाराधिकारही दिला नाही.

मी अडलो ते जून १७८१ पाशी. ऐन स्वातंत्र्ययुद्धात, २ जूनला तेव्हाचे गव्हर्नर थॉमस जेफरसन यांची मुदत संपली आणि नवी निवड लांबणीवर पडली. ४ जूनला टार्लटनचे ब्रिटिश घोडेस्वार शार्लट्सव्हिलवर, म्हणजे आमदार तेव्हा जिथे जमले होते त्या गावावर, चालून आले. जॅक जूएट रात्रभर घोडा फेकत इशारा द्यायला आला म्हणून बहुतेक आमदार निसटले, डोंगरापलीकडे स्टाँटनला जमले आणि १२ जूनला त्यांनी थॉमस नेल्सन यांना निवडलं. मधल्या दिवसांत विल्यम फ्लेमिंग या कौन्सिलच्या (गव्हर्नरच्या सल्लागार मंडळाच्या) एकट्या सदस्याने कारभार रेटला. निवडणारेच पांगले की राज्याला धनी नाही, ही गोष्ट मला शेवटपर्यंत खुपत राहिली. अशी आणीबाणी एकदाच आली, असं कुणी म्हणेल आणि तेही खरंच आहे.

मॅसॅच्युसेट्समध्ये आधी मतदार बोलायचे. निम्म्याहून जास्त मतं कुणालाच नसली तर पहिल्या चौघांतून प्रतिनिधिगृह दोघं निवडायचं आणि त्यांतला एक सिनेट. १७८५ मध्ये जेम्स बोडिन असेच विधिमंडळातून आले. पुढच्या वर्षी लोकांनीही त्यांना ठेवलं. मग कर्जबाजारी शेतकऱ्यांचा शेज उठाव झाला, बोडिन यांनी तो सैन्य पाठवून मोडला आणि १७८७ मध्ये मतदारांनी आधीचे गव्हर्नर जॉन हॅनकॉक यांना मोठ्या फरकाने परत आणलं. आमदारांची निवड आणि लोकांचा कौल दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघता येतात, आणि माझा अभ्यास खरा पुढे सरकला तो त्यामुळेच. मताला मालमत्तेची अट होती, हे मात्र विसरू नये.

जेफरसन यांच्याच काळात रमायचं असेल तर खुशाल व्हर्जिनिया घ्या. तिथे ही पद्धत १८५१ पर्यंत टिकली. नाहीतर मी म्हणेन, मॅसॅच्युसेट्सचं १७८५ साल आधी उघडा आणि तिथून १८५५ पर्यंत या, कारण निम्म्याहून जास्त मतांची अट तेव्हा गेली.